शाळेत राकू भाजणी: ४० मुलं, ड्रमची भट्टी, एक दिवस. काय काय तयार ठेवावं?

कलाशिक्षिका_वाई

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत एक पाहुण्या सिरॅमिक कलाकार आठवी-नववीच्या मुलांना राकू, म्हणजे भट्टीतून लालभडक भांडं काढून भुशाच्या धुरात घालायची भाजणी, शिकवायला येणार आहेत. ड्रमची भट्टी, बर्नर आणि चिमटे त्या आणतील. माती, पहिली भाजणी, ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा लेप), गॅस आणि जागा आमच्याकडे. मुलं ४०, भाजणीसाठी दिवस एकच, सकाळी ९ ते ४.

माझे प्रश्न असे:
गणपतीच्या कार्यशाळेतली शाडू माती बरीच उरली आहे, ती चालेल का? पहिली भाजणी गावातल्या कुंभारकाकांच्या आव्यात करून घेता येईल का? मोकळी जागा म्हणजे बास्केटबॉलचं काँक्रीटचं मैदान, तिथे भट्टी लावावी का? आणि एका दिवसात ४० भांडी होतात का? मुलांनी नुसतं उभं राहून बघू नये, त्यांचे हात कामात असावेत, एवढाच आग्रह आहे.

भट्टीकर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं.

२०० लिटरच्या ड्रमला आतून फायबर ब्लँकेटचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या जाड पट्टीचे) एक-एक इंची दोन थर लावले की साधारण ४५ सेंटिमीटर व्यासाची जागा उरते. त्यात गोल शेल्फ ३६-३८ सेंटिमीटरचं बसतं, कारण कडेने ज्वाळा वर जायला वाट लागते. ९-१० सेंटिमीटरची भांडी चिमटा घालायला जागा ठेवून लावली तर एका खेपेला ७, फार तर ८. म्हणजे ४० भांड्यांना सहा खेपा.

पहिली खेप घाईने नेता येत नाही. भट्टी थंड, शेल्फ थंड, भांड्यांत ओल. ६०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश, मग पुढे ९८० पर्यंत, तासभर धरा. पुढच्या खेपांना भट्टी तापलेली असते, त्या २५-३० मिनिटांत होतात. काढणं आणि पुन्हा भरणं यात १० मिनिटं. हिशेब केला तर साडेचार तास होतात, जेवणाची सुट्टी धरून साडेपाच. ९ वाजता बर्नर पेटला तरच हे जमतं. ९ ला भाषणं आणि सत्कार असतील तर शेवटच्या दोन खेपा घाईत होतील, आणि घाईतच चिमट्यातून भांडं निसटतं. सत्कार आदल्या दिवशी उरकून घ्या.

पुढची खेप वाट बघत असते तेव्हा तिची भांडी भट्टीच्या झाकणाजवळ, धुराड्याच्या कडेला तापत ठेवा. हाताने बांधलेल्या भांड्यात ओल राहिली आणि ते थेट तापलेल्या भट्टीत गेलं तर वाफेने फुटतं आणि तुकडे शेजारच्या भांड्यांच्या वितळत्या ग्लेझला चिकटतात. एका भांड्यापायी तीन जातात.

आता भांडं धुरात झाकायचे डबे. झाकणाचे पिंप आणायची गरज नाही. गोडेतेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे वरून कापून घ्या आणि वापरायच्या आधी एकदा रिकामेच उघड्यावर भाजून त्यांचा रंग आणि तेल जाळून टाका. जमिनीवर कोरड्या वाळूचा ५-७ सेंटिमीटरचा थर पसरा, त्यावर ओंजळभर रंधा भुसा आणि कागदाच्या पट्ट्यांचं आळं करा. तापून लाल झालेलं भांडं त्यात ठेवलं की भुसा पेट घेतो. तीन-चार सेकंद ज्वाळा धरू द्या, मग डबा उपडा घालून कडा वाळूत दाबा आणि खोऱ्याने वरून वाळू ओढा. वाळूइतकी घट्ट बूच कुठल्याच झाकणाला येत नाही. डबा २० मिनिटं बंद ठेवायचा, म्हणजे पुढची खेप तयार होईपर्यंत तो मोकळा होतो. दहा डबे असले की दिवस निभावतो.

भुसा सुताराकडून आणाल तेव्हा रंध्याचा, कुरळा, जाड आणा. करवतीचा मैद्यासारखा बारीक भुसा वरून उधळला तर हवेतच भडका होतो. प्लायवूड किंवा एमडीएफचा तर नकोच, त्यातला गोंद जळून डोळे आणि घसा धरतो. भाताचं तूस उत्तम चालतं, वाईत ते सहज मिळेल. एक पोतं तूस, एक पोतं रंधा भुसा, आणि वर्तमानपत्रांची एक चळत.

मृण्मयी_ठाणे

मातीबद्दल मी लिहिते.

शाडू नको. शाडू अगदी बारीक, मूर्ती सुबक यावी म्हणून घेतलेली माती. तिच्यात ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, नाही. राकूत भांडं ९८० अंशांवरून काही सेकंदांत उघड्या हवेत येतं. एक बाजू आक्रसते, दुसरी अजून फुगलेलीच असते, आणि वाटेत ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचे कण एकदम आकार बदलतात. घट्ट, बारीक मातीत तडा सुरू झाला की थेट आरपार जातो. ग्रॉग असेल तर तडा त्या कणापाशी अडतो. म्हणून मातीत वजनाने २५ टक्के ग्रॉग हवा, त्यात थोडा बारीक आणि थोडा रव्याएवढा. कुंभार मातीत राख आणि लीद घालतात तेही याच कारणाने: जळून जागा मोकळी राहते, भांडं धक्का सोसतं.

तयार स्टोनवेअर माती घेऊन तिच्यात ग्रॉग मळणं सगळ्यांत सोपं. स्थानिक लाल मातीच वापरायची असेल तर आधी चुन्याची परीक्षा करा. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. हे खडे भाजणीत कळीचा चुना होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी हवेतली ओल पिऊन फुगतात, मग मुलांच्या कपाटात ठेवलेल्या भांड्याचे टवके उडतात. दख्खनच्या मातीत हे फार आढळतं. पातळ करून ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून गाळा. ग्रॉग त्यानंतर घालायचा, नाहीतर तोही गाळून निघेल. लाल मातीवर पांढऱ्या मातीचा एक हात द्या, त्याशिवाय पांढरं ग्लेझ मळकट गुलाबी दिसतं.

एका भांड्याला अर्धा किलो धरा, ४० जणांना २० किलो. प्रत्यक्षात ३० किलो मळून ठेवा आणि १० भांडी जास्तीची करून घ्या. दर कार्यशाळेत काही भांडी तडकतातच. ज्याचं तडकलं त्याच्या हातात दुसरं द्यायला हवं.

आकार: चिमटीने केलेली वाटी किंवा छोटा कुंडा, भिंत सगळीकडे ६ ते ८ मिलिमीटर. थाळ्या, टाइल्स, लांब मान, बारीक कान, चिकटवलेली शिंगं-पंख नकोत. सपाट थाळी कडेने आधी थंड होते आणि मधून चिरते. चिमट्याची पकड बसेल अशी काठाची जाडी हवी. सावलीत दोन आठवडे वाळवा. म्हणजे बनवायचं काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपायला हवं.

कुंभारकाकांच्या आव्याबद्दल: त्यांची मदत माती मळायला आणि मुलांना थापणं दाखवायला जरूर घ्या, त्यांच्यापेक्षा चांगला गुरू तालुक्यात सापडणार नाही. पण आवा सहसा ७००-८०० अंशांच्या घरात राहतो आणि सगळीकडे सारखा तापत नाही. तितकंच भाजलेलं भांडं चिमट्यात काठाशी तुटतं, आणि ग्लेझ इतकं शोषतं की थर जाड होऊन भट्टीत सोलतो. साताऱ्यात किंवा पुण्यात कुणाच्या स्टुडिओत इलेक्ट्रिक भट्टी असेल तिथे ९५० अंशांवर भाजून घ्या, चढायला ८-१० तास आणि थंड व्हायला रात्रभर. भाजून आलेलं प्रत्येक भांडं बोटाने वाजवून पाहा. टणटण वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत चीर आहे, ते भट्टीत घालू नका.

ग्लेझ विकत घेताना दुकानदाराला एकच गोष्ट ठामपणे विचारा: फ्रिटमध्ये (ग्लेझसाठी वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीत) शिसं आहे का? कमी तापमानाची शिशाची फ्रिट आपल्याकडे अजून सर्रास विकली जाते, स्वस्त आणि चकचकीत म्हणून. शाळेत ती येता कामा नये. पांढऱ्या तडकीच्या (बारीक चिरा पडणाऱ्या) ग्लेझसाठी साधं प्रमाण: बिनशिशाची अल्कलाइन फ्रिट ८५, चायना क्ले १०, टिन ऑक्साइड ५, आणि खाली बसू नये म्हणून वर २ बेंटोनाइट. शंभर ग्रॅम पावडरीला ७०-८० मिलिलिटर पाणी, ८० मेशमधून दोनदा गाळून. ४० भांड्यांना तीन किलो कोरडी पावडर पुरते. कच्चा बोरॅक्स घालायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका; तो पाण्यात विरघळून भांड्यात शिरतो आणि मुलांच्या हातांनाही बरा नाही.

ब्रशने तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. थर दीड मिलिमीटरच्या आसपास. टाचणीने खरवडून पाहिलं की जाडी कळते, नंतर बोटाने ते बुजवायचं. बुडाला आणि बुडाच्या वर ५ मिलिमीटर ग्लेझ नको, नाहीतर भांडं शेल्फला चिकटेल. ग्लेझ आदल्या दिवशी लावा, म्हणजे रात्रभर सुकेल.

सुरक्षा_आधी

काँक्रीटवर थेट भट्टी नको, आणि लाल भांडं तर अजिबात टेकवू नका. काँक्रीटमध्ये पाणी असतं. एकदम तापलं की वरचा थर फुटून कपच्या उडतात. मातीचं मैदान असेल तर तेच बरं, पण वाळलेलं गवत दहा फुटांपर्यंत काढून पाणी मारा. काँक्रीटच असेल तर आधी वाळू, वर फायरब्रिकचा थर, त्यावर भट्टी.

गॅस. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर मागू नका. घरगुती सिलिंडर या कामाला वापरायला परवानगी नाही, आणि त्याचा रेग्युलेटर बर्नरला लागणारा दाबही देत नाही. १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर, हाय-प्रेशर रेग्युलेटर, नवी नळी, क्लिपा. भट्टीपासून तीन मीटर लांब, मुलांच्या वाटेत नाही. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जवळ गटार किंवा खड्डा नको. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. तेव्हा सिलिंडर साध्या पाण्याच्या टबमध्ये उभा करा किंवा दुसरा जोडा. गरम पाणी, हीटर, पेटलेला कागद यांतलं काहीही सिलिंडरजवळ न्यायचं नाही.

कपडे. बहुतेक शाळांचा गणवेश टेरिकॉटचा असतो. ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं. त्या दिवशी सगळ्यांना जुने सुती कपडे, पूर्ण बाह्या, बंद चामडी बूट. स्पोर्ट शूज नकोत, त्यांचा तळ आणि जाळी वितळते. वेण्या बांधून आत, ओढण्या घरी. मुलांची रेघ वाऱ्याच्या वरच्या अंगाला, भट्टीपासून आठ मीटरवर चुन्याने आखून घ्या. दमा असलेली मुलं आधी माहीत असावीत. साधा मास्क धुराचे बारीक कण नीट अडवत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तर अजिबात नाही, म्हणून मांडवाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये हे करू नये.

चिमट्यावर फक्त मोठी माणसं. वेल्डरचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, तोंडासमोर ढाल, आणि भट्टीत बघायला ३ ते ५ नंबरच्या वेल्डिंगच्या काचा. तापलेल्या भट्टीची अवरक्त किरणं डोळ्यांना अपाय करतात आणि साधा काळा चष्मा त्यांना अडवेलच असं नाही. भट्टीच्या फायबरला हात लावू नये, झटकू नये. पाहुण्या बाईंनी ते घट्ट करणारं द्रावण मारलं आहे का, विचारून घ्या.

भाजलं तर वाहत्या नळाखाली २० मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. नळ जवळ नसेल तर पाण्याच्या चार भरलेल्या बादल्या आणि तांब्या तिथेच हव्यात, आग विझवायच्या बादल्यांपेक्षा वेगळ्या.

भट्टीकर

चिमट्याबद्दल सहमत. पण डबा उपडा घालायचं काम नववीच्या मुलांना पूर्ण साधनांनिशी, शेजारी मोठं माणूस उभं करून देता येतं असं माझं मत आहे. तोच तर सगळ्या दिवसाचा क्षण.

सुरक्षा_आधी

मी देणार नाही. भुसा पेटल्यावर ज्वाळा मीटरभर येते आणि डबा घालायला वाकावं लागतं. चाळीस मुलांत एकाचा हात थरथरला तरी पुरे. मुलांना खरी कामं कितीतरी आहेत: आळी रचणं, दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढणं, घड्याळ लावून सेकंद मोठ्याने मोजणं, डबे कोणत्या मिनिटाला उघडायचे ते फलकावर मांडणं, नंतर भांडी घासणं. आलेख काढायला लावाच. ग्लेझ कोणत्या आकड्याला फेसाळलं आणि कोणत्या आकड्याला चकाकलं हे त्यांना स्वतः दिसतं.

कलाशिक्षिका_वाई

खूप आभार. शाडू आणि आव्याचा विचार सोडला, मातीचं मैदान नक्की केलं. डबे मोठ्यांकडेच राहतील, मुलं मोजणी आणि नोंदी करतील.

अजून दोन गोष्टी. पाहुण्या बाई म्हणाल्या, निम्म्या मुलांना पांढरी तडकी आणि निम्म्यांना तांब्याचे रंग करू. दोन्ही एकाच खेपेत चालतात का? आणि भांडं डब्यातून काढून पाण्यात बुडवायचं की नाही?

तांबेरंग

एकाच खेपेत चालतात, फक्त काढायचा क्रम पाळा. तांब्याची भांडी आधी, तडकीची शेवटी.

तांब्याला लाल आणि सोनेरी रंग येतो तो डब्यातल्या धुराने ऑक्सिजन ओढून घेतल्यामुळे. त्यासाठी भांडं जितकं तापलेलं तितकं चांगलं: भट्टीतून थेट आळ्यात, लगेच डबा. हवेत रेंगाळलं तर रंग हिरवट-निळाच राहतो. तडकीचं उलट. तिला १५ ते ३० सेकंद हवा लागते. चिमट्यातच धरून कान द्या. टिंग-टिंग असा आवाज सुरू झाला की ग्लेझला चिरा पडायला लागल्या. मग भुशात. धूर त्या चिरांत शिरून काळ्या रेषा उठतात.

बिघडतं ते बहुधा असं. चिरा आहेत पण काळ्या नाहीत: भांडं फार निवल्यावर भुशात गेलं, भुसा नीट पेटलाच नाही. पांढरं ग्लेझ राखाडी आलं: भट्टीत ग्लेझ पुरतं वितळलं नव्हतं, किंवा अजून मऊ असतानाच धुरात गेलं. पृष्ठभागावर भुशाचे ठसे आले तर कारण तेच, हवेत पुरेसं थांबलं नाही. तांब्याचं भांडं एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवं: डब्याची कड वाळूबाहेर राहिली होती, तिकडून हवा शिरली. यातलं प्रत्येक मुलांना दाखवण्यासारखं आहे.

थर्मोकपलच्या (भट्टीतल्या तापमापकाच्या) आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, तो टोकाजवळचं तापमान सांगतो. झरोक्यातून बघा: ग्लेझ आधी कोरडं, मग साखरेच्या पाकासारखं फेसाळतं, मग फोड बसून गुळगुळीत ओलं दिसतं. सगळी भांडी ओली दिसली की पाच मिनिटं धरून बर्नर बंद.

तांब्याच्या ग्लेझसाठी वरच्याच पांढऱ्या प्रमाणातला टिन वगळून ३ टक्के कॉपर कार्बोनेट पुरे. कॉपर मॅट नावाचं प्रमाण, ज्यात तांबंच ८०-९० टक्के असतं, शाळेत नको. ती पावडर श्वासातून जाणं वाईट, हाताला लागते, आणि वर्षभरात त्याचे रंग हवेने मावळून जातात. कॉपर कार्बोनेट कोरडं असताना मोठ्या माणसाने मास्क लावून मिसळावं. मुलांपुढे ओलं झालेलंच यावं.

मृण्मयी_ठाणे

पाण्याबद्दल: शाळेत बुडवू नका. लोक बुडवतात ते रंग थांबवायला, पण २० मिनिटांनी डब्यात भांडं अजून शंभर-दोनशे अंशांवर असतं आणि मुलांनी दोन आठवडे वाट पाहिलेलं भांडं बादलीत तडकताना बघणं फार वाईट. डबा काढल्यावर भांडं वाळूवरच राहू द्या, हाताला कोमट लागेपर्यंत. मग जुना टूथब्रश आणि भांडी घासायची पावडर घेऊन काजळी काढा. तडकीच्या काळ्या रेषा घासून जात नाहीत, त्या आतल्या आहेत.

इतिहास सांगताना एक स्पष्ट करा. जपानमधल्या क्योतोमध्ये सोळाव्या शतकात चोजिरो या कुंभाराने चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी जे राकू वाडगे केले, त्यांना भुशाचा धूर देत नसत. ते हाताने घडवलेले, काळं राकू तर भट्टीतून लालभडक असताना चिमट्याने काढून थंड केलेलं, आणि त्याचं ग्लेझ कामो नदीतल्या दगडापासून बनतं. चोजिरोचं राकू घराणं आज १६व्या पिढीत काम करतं. भांडं भुशात घालून धुरवायचं तंत्र मात्र १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात अमेरिकी सिरॅमिक कलाकार पॉल सोल्डनर यांनी रूढ केलं. मुलं करणार आहेत ते हे दुसरं. दोन्हींना राकूच म्हणतात, पण जपानी वाडग्याचा फोटो दाखवून काळ्या चिरांचं भांडं करायला लावलं तर मुलं गोंधळतील.

कलाशिक्षिका_वाई

हे फार उपयोगी. शेवटचं: सहावीची मुलं पण हट्ट धरून बसली आहेत, आणि पालक विचारतात की या वाटीत चहा पिता येईल का.

मृण्मयी_ठाणे

चहा नाही, लोणचं नाही, पाणीही नाही. तडकीच्या चिरांतून द्रव आत झिरपतो, भांड्याचं अंग सच्छिद्रच असतं, आणि आंबट पदार्थाने तांबं सुटतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला ‘फक्त शोभेसाठी’ असं कच्ची माती असतानाच कोरायला लावा, म्हणजे घरी गेल्यावर शंका नको.

तांबेरंग

सहावीसाठी शेवटची एक खेप केसांच्या राकूची करा. ग्लेझ नाही, तांबं नाही. मडकी वाळताना चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत करायची आणि ९५० ऐवजी ९०० च्या आतच भाजायची, म्हणजे चकाकी राहते. त्या दिवशी ६५० अंशांपर्यंत तापवून मोठ्यांनी बाहेर काढून विटेवर ठेवायची आणि लांब चिमटीने घोड्याच्या शेपटीचे केस एकेक करून वर सोडायचे. केस लागताच वळसे घेत जळतो आणि काळी रेघ कायमची उमटते. साखरेची चिमूट टाकली तर ठिपके येतात. भांडं निवत गेलं की रेघा फिकट होतात, तेव्हा एका भांड्याला दीड-दोन मिनिटंच मिळतात. केस आधी धुऊन, वाळवून, एकेका मुलाच्या नावाच्या पाकिटात घालून ठेवा. वास उग्र येतो, वारा बघून उभे राहा. वाईत टांगेवाले किंवा लग्नाच्या घोड्यावाले असतील तर केस त्यांच्याकडे मिळतील.